अडीच फुटी भिंत आणि आरपार दगड

बार्शी तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घराची पश्चिमेकडील भिंत गेल्या काही पावसाळ्यांत बाहेरच्या अंगाने फुगत चालली होती. जोत्यापासून कमरेच्या उंचीपर्यंत ती सरळ होती, तिथून वर तिला पोट सुटले होते आणि माळवदाच्या खाली ती पुन्हा जागेवर आली होती. ओळंबा (वजन बांधलेली दोरी) सोडून पाहिला तेव्हा पोटाचा सर्वांत पुढे आलेला भाग जोत्याच्या रेषेपासून चार इंच बाहेर भरला. नवल याचे वाटले की त्याच भिंतीची आतली बाजू, म्हणजे सोप्यातून दिसणारी बाजू, जवळजवळ ओळंब्यात होती आणि तिच्यावरच्या शेणामातीच्या गिलाव्याला साधी चीरही गेलेली नव्हती.

माझे दाजी सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंते आहेत आणि किल्लारीच्या भूकंपानंतर घरांच्या दुरुस्तीच्या कामावर त्यांनी बराच काळ काढलेला आहे. त्यांनी हातोडीने पोटाच्या भागावर ठिकठिकाणी ठोकून पाहिले. कडेला आवाज भरीव येत होता, मध्यभागी तो बद्द आणि पोकळ झाला. "ही एक भिंत समजू नका," ते म्हणाले, "या दोन भिंती आहेत आणि मध्ये भर आहे. बाहेरची सुटली आहे, आतलीला अजून त्याची खबर नाही."

आमच्याकडच्या जुन्या भिंती अडीच फूट, काही ठिकाणी तीन फूट जाडीच्या असतात आणि त्या जाडीचा आम्हाला अभिमानही असतो. प्रत्यक्षात त्या तीन पदरांच्या असतात. बाहेरून बऱ्यापैकी तोंड असलेल्या काळ्या दगडांचा एक पदर, आतून तसाच दुसरा, आणि या दोहोंच्या मधल्या पोकळीत गोटे, कपच्या व पांढरीची माती. दर्शनी दगडाचे तोंड रुंद असते, पण शेपूट निमुळते होत जेमतेम वीतभर आत शिरलेले असते. माळवदावरून पाणी मुरले की मधली माती भिजून मऊ होते, वरचे वजन तिला खाली दाबते, गोटे सरकून पाचरीसारखे बसतात आणि सगळा रेटा दोन्ही पदरांना बाहेर ढकलू लागतो. दर पावसाळ्यात हे थोडे थोडे होते. दोन्ही पदरांना एकमेकांशी बांधून ठेवणारे, भिंतीच्या जाडीत या तोंडापासून त्या तोंडापर्यंत गेलेले लांब दगड, म्हणजे आरपार दगड, असले तर हा रेटा त्यांच्यावर येतो आणि भिंत एकसंध राहते. ते नसले तर जाडी कितीही असो, तिचा उपयोग फक्त वजनापुरता.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर लोक नुकतेच झोपी गेलेले असताना, किल्लारी-सास्तूर परिसरात जे झाले त्याचे मोठे कारण हेच होते. भूकंप ६.२ तीव्रतेचा होता. जगाच्या मानाने तो फार मोठा म्हणता येणार नाही, तरी सुमारे आठ हजार माणसे गेली. तोपर्यंत हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या भूकंपविषयक भारतीय मानकात तो तिसऱ्या विभागात आला. दाजींनी तिथे पाहिलेल्या अनेक घरांत लाकडी खांब व तुळया उभ्या होत्या, पण भिंतींचे पदर फाकून एक रस्त्यावर आणि दुसरा झोपलेल्या माणसांच्या अंगावर गेला होता. उभ्या राहिलेल्या भिंतींच्या फुटलेल्या कडा पाहिल्या की आत आरपार दगड क्वचितच दिसे, असे ते सांगतात. आमचे घर किल्लारीपासून बरेच दूर असले तरी घडण तीच आहे.

गावातून सल्ला एकच मिळत होता, तो म्हणजे सगळे पाडा आणि आरसीसीचे बांधा. पैशाचा प्रश्न होताच, पण मला तो सल्ला कामाच्या दृष्टीनेही पटला नाही. घराचे खांब, तुळया आणि नाटा सागवानी व निरोगी होत्या, आणि माळवदाच्या घराची एक मोठी सोय अशी की छताचा भार बहुतांशी भिंतीत गाडलेल्या लाकडी खांबांवर असतो. त्यामुळे छताला टेकू देऊन भिंतीचा एखादा भाग काढून पुन्हा बांधणे शक्य होते. असे ठरले की पोट सुटलेला बावीस फुटांचा पट्टा जोत्यापर्यंत उतरवून नव्याने बांधायचा, आणि ज्या भिंती अजून ओळंब्यात आहेत त्यांत भोके पाडून काँक्रीटचे आरपार बंध जागेवरच ओतायचे. माळवदावरचा मातीचा थर वर्षानुवर्षे भर टाकून दीड हातावर गेला होता, तो आधी वीतभरावर आणला. खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरप्या लाकडी पट्ट्याही बसवल्या. त्याविषयी इथे अधिक लिहीत नाही.

भिंत उतरवताना दाजींच्या म्हणण्याचा पुरावा थरागणिक हाती येत होता. बाहेरचा पदर पहारीने हलवावाही लागत नव्हता, दगड हातानेच उचलून येत होते. त्याच्यामागे दोन-तीन बोटांची फट होती आणि तीत मुंग्यांची वारुळे, उंदरांनी नेलेले ज्वारीचे धाटे आणि कोरडी भुसभुशीत माती. कोपरा मात्र निराळा निघाला. तिथे आमच्या पूर्वजांच्या गवंड्याने दोन-दोन फुटांचे दगड एकदा या भिंतीत, एकदा त्या भिंतीत असे आलटून पालटून घातले होते आणि कोपऱ्यावरचा एकही दगड जागचा हललेला नव्हता. म्हणजे त्याला बांधणीचे ज्ञान होते. भिंतीच्या मधल्या लांबीत त्याने ते का वापरले नाही, याचे उत्तर पुढे आमच्याच कामावर मिळाले.

निघालेला दगड आम्ही जागेवर तीन ढिगांत वेगळा केला. अंगणाच्या एका कडेला दीड फूट किंवा त्याहून लांब दगड, दुसरीकडे दर्शनी, आणि उरलेला भरीचा. लांब दगडांचा ढीग केविलवाणा झाला, कारण संपूर्ण पट्ट्यातून कामाचे सातच दगड हाती लागले. नवी भिंत अडीच फुटांऐवजी दीड फुटाचीच घ्यायची होती. डबर बांधकामाची, म्हणजे ओबडधोबड दगडांची, भूकंपरोधक भिंत ४५० मिलिमीटरपेक्षा जाड नसावी, असे भारतीय मानक १३८२८ सांगते, आणि त्यामागे साधा विचार आहे की भिंत जितकी जाड, तितके दोन पदर एकमेकांपासून दूर आणि तितका मधला भर जास्त. गावात हे कोणाला पटेना. अडीच फुटांची भिंत पाडून दीड फुटाची बांधणारा मनुष्य ती बळकट करतो आहे, यावर विश्वास ठेवायला कोणी तयार नव्हते.

त्याच मानकाप्रमाणे उंचीत दर ६०० मिलिमीटरला एक ओळ आणि त्या ओळीत जास्तीत जास्त १.२ मीटर अंतरावर एकेक आरपार दगड घ्यावा लागतो. नऊ फूट उंचीच्या आमच्या पट्ट्यात अशा चार ओळी झाल्या. एका ओळीत सहा आणि पुढच्या ओळीत त्यांच्या मधोमध येतील असे पाच, याप्रमाणे एकूण बावीस जागा निघाल्या. सात दगड घरचे होते. पंधरांसाठी आम्ही खाणीवर गेलो, तेव्हा कळले की आता खाणीत बांधकामाचा दगड मागायला कोणी येतच नाही, सगळा माल खडीसाठी क्रशरला जातो. सुरुंगाने फुटलेल्या बेसाल्टमध्ये लांब आणि सपाट तुकडा सहसा मिळत नाही. हा दगड वाळूच्या दगडासारखा थराथराने सुटत नाही; तो कोणत्याही दिशेला, वेडावाकडा फुटतो. एका वडार कुटुंबातील म्हाताऱ्या पाथरवटाने ओळीत भोके पाडून, त्यांत लोखंडी पाचरा ठोकून सहा दगड काढून दिले. घण सगळ्या पाचरांवर सारख्या जोराने, क्रमाने फिरत होता आणि दर फेरीला तो थांबून दगडाला कान देत होता. आवाज बदलला की घण बाजूला ठेवून तो पहारीनेच दगड उघडायचा. त्याहून अधिक दगड काढायला त्याची तब्येत साथ देत नव्हती आणि आम्हीही आग्रह धरला नाही.

राहिलेल्या नऊ जागांसाठी मानकातच पर्याय दिलेले आहेत. पूर्ण लांबीचा दगड नसेल तर जाडीच्या पाऊण लांबीचे, म्हणजे आमच्या भिंतीसाठी साडेतेरा इंचांचे, दोन दगड शेजारी-शेजारी घालायचे. एक बाहेरच्या तोंडापासून आत येणारा, दुसरा आतल्या तोंडापासून बाहेर जाणारा, म्हणजे मध्ये ते एकमेकांना ओलांडून जातात. पाच जागी आम्ही अशा जोड्या घातल्या. उरलेल्या चार जागांसाठी ५० मिलिमीटर चौरस छेदाचे, मध्ये ८ मिलिमीटरची सळई असलेले काँक्रीटचे दांडे लाकडी साच्यात घरीच ओतून घेतले.

गवंडी आमच्याच पंचक्रोशीतले, दगडकामात मुरलेले, गावात सगळे त्यांना मामा म्हणतात. पहिल्या ओळीच्या वेळी मी त्यांना तो वेगळा ढीग दाखवला. मामांनी त्यातला सर्वांत देखणा दगड उचलला आणि सराईतपणे भिंतीच्या लांबीत ठेवून दिला. तो भिंतीच्या जाडीत फिरवून ठेवा असे म्हटल्यावर ते हसले. "दादा, असा आत घातला की दोन हाताचा दगड खपतोय आन् तोंड दिसतंय वीतभर. लांबीत टाकला तर एका दगडात दोन हात काम होतंय." मागचे गवंडी कोपरा बांधून मधल्या लांबीत का ढिले पडले, ते या एका वाक्यात आले. दगडकामाची मजुरी ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर ठरते. लांब दगड दर्शनी बाजूस पसरला की भिंत लवकर चढते, मापही लवकर भरते आणि आत काय आहे ते मापाच्या टेपला दिसत नाही. यात मामांचा दोष मी धरत नाही; मजुरीची रीतच तशी आहे. आम्ही त्याच दिवशी ब्रासचा हिशेब सोडून रोजावर काम घेतले. त्यानंतर मामांचा हात आपोआप संथ झाला आणि लांब दगड कुठे घालायचा हे तेच आम्हाला सांगू लागले.

आरपार दगड बसवण्याची रीत नुसती सांगण्याइतकी सोपी नाही. दोन फुटांची उंची झाली की आधी सगळा थर लाइनदोरीने एका पातळीत आणायचा, कारण लांब दगड मध्येच एखाद्या उंचवट्यावर टेकला तर तो तराजूच्या दांडीसारखा डुलतो आणि वरचे वजन आले की तिथेच मोडतो. पातळी झाली की मसाल्याचा, म्हणजे दगड जोडणाऱ्या मिश्रणाचा, जाड थर पसरून त्यावर दगड ठेवायचा आणि दोन्ही टोकांवर हळूहळू दाबत, किंचित घासत बसवायचा. मामा एका टोकावर पंजा ठेवून दुसऱ्या टोकावर हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकायचे. पंज्याला हादरा जाणवला तर दगड कुठेतरी अधांतरी आहे असे समजून तो पुन्हा उचलायचे. तळाखाली कपची सारून डुलणे थांबवण्याची सवय गवंड्यांना असते. दर्शनी दगडाला ते चालते, या दगडाला नाही; त्याला पूर्ण लांबीभर बैठक हवी. त्याच्या दोन्ही अंगांना येणारे दगडही नुसते टेकवायचे नाहीत, त्यांची शेपटे आत जाऊन एकमेकांत गुंतली पाहिजेत. मधल्या पोकळीत घमेल्याने माती ओतण्याचे बंद करून आम्ही प्रत्येक गोटा हाताने, मसाल्यात दाबून बसवला. सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत हे तर मामा झोपेतही विसरणार नाहीत.

मसाला कोणता घ्यायचा यावर दाजींचा आणि माझा वाद झाला. मला जुन्या घराशी जुळणारा चुना हवा होता. मानकात चुना-वाळूचे १:३ प्रमाण मान्य आहे, हेही मी त्यांनाच वाचून दाखवले. त्यांचे म्हणणे असे की आज तालुक्यात चुना नीट मळून, मुरवून देणारा माणूस नाही, आणि अर्धाकच्चा चुना हा चिखलापेक्षा वाईट. शेवटी सिमेंट-वाळूचा १:६ मसाला घेतला आणि जुन्या भिंतीला जिथे जोड येतो तिथे दात सोडून एकेक लांब दगड जुन्यात घुसवला. मला तो निर्णय अजूनही पूर्णपणे पटलेला नाही.

बसवलेल्या प्रत्येक आरपार दगडाच्या दोन्ही तोंडांवर लाल रंगाची फुली केली. खात्याच्या कामांत अशी खूण करण्याची पद्धत आहे, कारण भिंत पुरी झाल्यावर वीतभर तोंडाचा साधा दगड आणि वीतभर तोंडाचा आरपार दगड यांत फरक ओळखता येत नाही. आत आणि बाहेर, समोरासमोर, एकाच उंचीवर फुली दिसली तर तो दगड खरा. जोडीच्या ठिकाणी दोन फुल्या एकमेकींपासून हातभर सरकलेल्या दिसतात. एक अपवाद इथे सांगून ठेवतो. जांभ्यासारखा किंवा इतर कोणताही पाणी पिणारा दगड असेल तर तो पूर्ण आरपार न नेता भिंतीच्या सुमारे दोन तृतीयांश जाडीपर्यंतच नेतात, नाहीतर बाहेरचा ओलावा त्याच दगडातून घरात येतो. आमच्या काळ्या दगडाला ती भीती नाही.

दुसरा टप्पा, म्हणजे उभ्या भिंतींत बंध ओतण्याचा, दिसायला किरकोळ पण जास्त जिवावरचा होता. किल्लारीनंतर मराठवाड्यातील हजारो घरांत हे काम झाले आणि पुढे त्याची रीत भारतीय मानक १३९३५ मध्येही आली. भिंतीवर साधारण एकेक मीटरवर खुणा करायच्या, वरच्या ओळीतील खुणा खालच्या ओळीच्या मधोमध येतील अशा. खुणेवरचा एक दगड निवडून त्याच्या भोवतीची माती खरवडायची आणि लहान पहारीने तो वर-खाली, डावी-उजवीकडे इतका हळू हलवायचा की शेजारच्या दगडाला कळता कामा नये. ड्रिल मशीन आणण्याचा विचार दाजींनी ऐकूनही घेतला नाही; त्याच्या थरथरीने सैल मातीची भिंत आतून ढासळते. दगड दोन्ही हातांनी ओढून काढला की आतला भर बोटांनी आणि सळईने कोरत ७५ मिलिमीटरचे भोक पुढे न्यायचे. मग आतून हलके ठोकायचे आणि पलीकडे कान लावून बसलेल्या माणसाने कोणता दगड वाजतो ते सांगायचे. तो दगड त्या बाजूने काढायचा. भोक तोंडांशी रुंद आणि मध्ये अरुंद होते, म्हणजे डमरूसारखे. ते तसेच हवे असते, कारण काँक्रीटची दोन्ही टोके फुगीर झाली की पदरांना बाहेर सरकायला वाव राहत नाही. भोक थोडे तिरपे गेले तरी बिघडत नाही.

भोक स्वच्छ करून पाणी शिंपडले की सिमेंट, वाळू आणि बारीक खडी यांचे १:२:४ प्रमाणाचे काँक्रीट दोन्ही बाजूंनी अर्ध्या उंचीपर्यंत भरायचे, त्यावर दोन्ही टोकांना आकडे वळवलेली ८ मिलिमीटरची सळई ठेवायची आणि उरलेले भोक ठासून भरायचे. सळईचे टोक उघडे राहू द्यायचे नाही, नाहीतर ते गंजते. ठासण्यासाठी मामांनी बाभळीचा एक गुळगुळीत दांडका केला होता आणि तो ते दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसत. नंतर किमान दहा दिवस दोन्ही तोंडांवर पाणी मारायचे. एप्रिलच्या उन्हात हे काम माझ्या वाट्याला आले. प्रत्येक तोंडावर गोणपाटाचा तुकडा चिखलाने चिकटवला की ओल दुपारपर्यंत टिकते. एकाच वेळी शेजारशेजारची भोके उघडी ठेवायची नाहीत, एक भरून घट्ट झाल्यावरच त्याच्या बाजूचे घ्यायचे, हे पथ्य आम्ही कटाक्षाने पाळले.

दक्षिणेच्या भिंतीत एक भोक वीतभर गेल्यावर पुढे सळई अडेनाच. दगड काढून विजेरी लावली तर आत पोकळी आणि तळाशी काळी पडलेली ज्वारी. तिथे भिंतीतच चिणलेले जुने बळद, म्हणजे धान्य साठवायची पोकळी, होते आणि त्याचे तोंड कधीतरी गिलाव्याखाली गेले होते. माझ्या आईलाही त्याची आठवण नव्हती. त्या पोकळीत काँक्रीट ओतण्यात अर्थ नव्हता. बळदाच्या दोन्ही अंगांना हातभर सरकून नवी भोके घेतली आणि बळदाचे तोंड उघडून पोकळी दगडकामाने भरून घेतली.

नव्या पट्ट्याला बाहेरून गिलावा केलेला नाही, फक्त दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरल्या आहेत, त्यामुळे लाल फुल्या दिसतात आणि येणारे-जाणारे त्यांचा अर्थ विचारतात. आतून मात्र घरच्यांच्या आग्रहाखातर गिलावा झाला. तिथल्या फुल्यांची मोजमापे मी चौकटी कागदावर काढून, उंची व अंतर लिहून, घराच्या कागदपत्रांत ठेवली आहेत. माळवदाला पन्हाळीकडे नव्याने उतार दिला आहे, कारण पाणी मुरत राहिले तर मातीच्या भरीच्या उरलेल्या भिंतींचे काय होते ते पश्चिमेच्या भिंतीने दाखवलेच आहे.

उत्तरेची भिंत अद्याप तशीच आहे. ती सामाईक असून तिची पलीकडची बाजू शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात उघडते, आणि हा बंध दोन्ही बाजूंनी भरल्याशिवाय होतच नाही. त्यांच्याकडे दिवाळीनंतर लग्न आहे. ते उरकले की ओटा काढून जागा करून देतो असे ते म्हणाले आहेत. तोवर सळया आकडे वळवून माळ्यावर ठेवल्या आहेत आणि मामांना आगाऊ सांगून ठेवले आहे.